वाचकांचे प्रश्न : 'बॅक टू ब्लॅक' कसा ऐकावा?

प्रश्न : एमी वाइनहाउस या इंग्लिश गायिकेचा 'बॅक टू ब्लॅक' हा अल्बम मी अलीकडेच पहिल्यांदा ऐकला. तो २००६ साली निघाला हे वाचेपर्यंत मी तो १९६० च्या दशकातलाच समजत होते. असे असेल तर त्यात तिचे स्वतःचे काय उरते? ही जुन्या संगीताची नक्कल तर नव्हे?

उत्तर : आपल्या कानांनी आपल्याला फसवलेले नाही, हा अल्बम जुना वाटावा, अशीच त्याची घडण आहे. अकरा गाण्यांपैकी सहांचे निर्माते मार्क रॉन्सन आणि पाचांचे सलाम रेमी. रॉन्सन यांच्याशी भेट झाली तेव्हा एमीने त्यांना शांग्री-लाज या १९६० च्या दशकातील अमेरिकन मुलींच्या गायकवृंदाची गाणी ऐकवली आणि आपल्याला काय आवडते ते सांगितले. त्या रात्रीच रॉन्सन यांनी पियानोवर काही स्वर जुळवले आणि त्यांतून शीर्षकगीत उभे राहिले. साथीला त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॅप-किंग्ज हा वाद्यवृंद घेतला. शॅरन जोन्स या गायिकेला साथ करणारी ही मंडळी सोल, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांचे भावपूर्ण लोकप्रिय संगीत, जुन्या रीतीनेच वाजवत आणि ध्वनिमुद्रित करत असत. एरवी प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर सगळे जुळवले जाते. येथे ड्रम्स, पियानो, गिटार आणि बेस एकाच खोलीत एकत्र वाजले, त्यामुळे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये झिरपला आणि आपल्याला जो जुनेपणा जाणवला, त्याचा बराचसा भाग तेथून आला.

परंतु नक्कल म्हणावी तर ती साजापुरतीच. शब्द एमीचे आहेत आणि त्या जुन्या गाण्यांतील मुली ज्या भाषेत कधीच बोलल्या नसत्या, त्या भाषेत ते लिहिलेले आहेत. उत्तर लंडनमध्ये वाढलेल्या, विशीतल्या मुलीची ती रोजची बोली आहे : उघडी, कधी शिवराळ आणि स्वतःच्या चुकांवर पांघरूण न घालणारी. 'यू नो आयॅम नो गुड' या गाण्यात विश्वासघात करणारी व्यक्ती ती स्वतःच आहे आणि क्षमेची याचना कोठेही नाही. शीर्षकगीताच्या ध्रुवपदात एका ठिकाणी यमक जुळत नाही. रॉन्सन यांनी नंतर सांगितले आहे की, ते बदलता येईल का असे त्यांनी विचारले, तेव्हा तिला तो प्रश्नच समजला नाही. जे लिहून झाले ते झाले, एवढेच तिचे म्हणणे. मला त्या ओळीचे मोल याच कारणाने अधिक वाटते. यमकासाठी शब्द फिरवला असता, तर निरोपाच्या त्या क्षणाचा खरेपणा गेला असता. त्याच गाण्याच्या मध्यावर वाद्ये ओसरतात, घंटेचे टोले पडत राहतात आणि ती 'ब्लॅक' हा एकच शब्द पुन्हापुन्हा उच्चारते. तेवढा भाग एकदा डोळे मिटून ऐकावा, म्हणजे उसनवारी कोठे संपते ते आपोआप कळेल.

प्रश्न : 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' या गाण्याची चाल दुसऱ्या एका प्रसिद्ध गाण्यासारखी वाटते. शिवाय शब्द रडवणारे असताना ठेका इतका उड्या मारणारा कसा?

उत्तर : मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांनी १९६७ साली गायलेल्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' या गाण्याचा पाया येथे घेतलेला आहे, आणि तो उघडपणे घेतलेला आहे : मूळ गीतकार निकोलस अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलेरी सिम्प्सन यांची नावे श्रेयात आहेत. त्यामुळे चोरीचा संशय मनातून काढून टाकावा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या गाण्याच्या जन्मातच सापडते. एमीने ते आधी संथ, विलापासारखे रचले होते. तो मूळ अवतार तिच्या मृत्यूनंतर, २०११ साली निघालेल्या 'लायनेस : हिडन ट्रेझर्स' या संग्रहात ऐकायला मिळतो. संथ गाण्यात दुःख थेट पुढ्यात येऊन बसते. अल्बममधील गाण्यात मात्र मोटाउनचा, म्हणजे ते १९६७ चे गाणे काढणाऱ्या अमेरिकन संगीत कंपनीचा, तो धावता ठेका तिला रडायला थांबूच देत नाही. शब्द मागे वळून पाहतात आणि ड्रम्स तिला पुढे ढकलत राहतात. अश्रू आपोआप सुकतील, हे म्हणणे संथ चालीत केवळ समजूत वाटते, येथे ते प्रत्यक्ष घडताना ऐकू येते. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : तिच्या आयुष्याची शोकांतिका ठाऊक असल्यामुळे 'रिहॅब' ऐकताना मन अस्वस्थ होते. हा अल्बम कसा ऐकावा? सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपली अस्वस्थता मी समजू शकतो. २३ जुलै २०११ रोजी लंडनमधील कॅम्डन येथील घरी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी ती गेली आणि व्यसनमुक्ती केंद्रात जाण्यास नकार देणारे ते गाणे तेव्हापासून सर्वांनाच वेगळे ऐकू येऊ लागले. तरीही शेवट आधी वाचून मग पुस्तक उघडावे, तसे या अल्बमचे करू नये. ही गाणी लिहिली तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती, प्रियकर आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीकडे परतल्याचे दुःख ताजे होते आणि त्या दुःखाची उत्तम गाणी करण्याइतकी तिची लेखणी व गळा तयार होता. फेब्रुवारी २००८ मध्ये या कामासाठी तिला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले, ते दयेपोटी नव्हेत.

सुरुवात 'रिहॅब'पासून करू नका. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या क्रमांकाची गाणी सलग लावा. पाचवे शीर्षकगीत, सातवे वर सांगितलेले 'टिअर्स ड्राय', आणि या दोघांच्या मध्ये 'लव्ह इज अ लुझिंग गेम' हे जेमतेम अडीच मिनिटांचे गाणे, ज्यात ती आवाज कोठेही चढवत नाही. त्या अडीच मिनिटांत दुसरे कोणतेही काम हाती घेऊ नका.