रॅम वाढवायची आहे, पण लॅपटॉप उघडायची धास्ती वाटते

प्रश्न: मी भाषांतराचं काम करते. लॅपटॉप सहा वर्षांचा, विंडोज ११, रॅम ८ जीबी. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब आणि सोबत दोन मोठ्या फाइली उघड्या असल्या की टाइप केलेली अक्षरं दोन-दोन सेकंदांनी उमटतात. ‘रॅम वाढव’ असं सगळे म्हणतात. मी आजवर लॅपटॉप कधी उघडलेला नाही. हे मला जमेल का? तो बिघडला तर कामच थांबेल, याची भीती वाटते.

उत्तर: जमेल, ताई. हाताचं काम अर्ध्या तासाचंही नाही. चुका होतात त्या त्याच्या आधी आणि नंतर, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

आधी रॅमच कमी पडतेय का ते बघा. लॅपटॉप अडखळत असतानाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेली दिसली, तर तुमचं निदान बरोबर आहे. रॅममध्ये न मावलेलं विंडोज डिस्कवर ठेवतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. अक्षरं उशिरा उमटतात ती त्यामुळे. रॅम अर्धी रिकामी आणि डिस्क मात्र शंभर टक्के दिसली, आणि ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क असली, तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. रॅमवर खर्च करूनही तुमचा त्रास तसाच राहील.

त्याच पडद्यावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा दोन ओळी आहेत. ‘१ ऑफ २’ असेल तर एक जागा मोकळी आहे. फॉर्म फॅक्टरपुढे ‘एसओडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली आहे, म्हणजे काढता येत नाही. पण या ओळी कधीकधी चुकीचं सांगतात. त्यामुळे लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधाच. किती जीबीपर्यंत चालेल, किती स्लॉट आहेत, झाकण कसं उघडायचं, सगळं त्यात असतं. ही दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका.

सहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये बहुधा डीडीआर४ या पिढीची रॅम असेल : २६० पिना, १.२ व्होल्ट. डीडीआर५ ला २६२ पिना असतात आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. धोका आहे तो त्याहून जुन्या लॅपटॉपवाल्यांना. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्या पिना आणि खाच अगदी सारख्या, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ ची. डीडीआर३एल लागणाऱ्या लॅपटॉपमध्ये डीडीआर३ ची पट्टी छान बसते, पण लॅपटॉप बहुधा चालूच होत नाही. वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. २६६६ च्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची पट्टी २६६६ नेच चालते. तुमची आताची पट्टी एकच आणि ८ जीबीची असेल, तर तशीच दुसरी जोडा. दोन सारख्या पट्ट्यांमधून मजकूर एकाच वेळी दोन वाटांनी जातो.

आता उघडायचं. कामाच्या फाइलींची प्रत बाहेर काढा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप शटडाउन करा, नुसता झाकून ठेवू नका. चार्जर काढा. एका कागदावर तळाचा आराखडा काढा आणि प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्याच्या जागी टोचून ठेवा. स्क्रू सारखे दिसतात, पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर आतला भाग फुटतो. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो. फटीत सुरी नको, जुनं प्लास्टिक कार्ड घाला.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचं. तिचा कनेक्टर बोटांत धरून सोडवा, वायर ओढू नका. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. कपड्यांवरची स्थिर वीज उतरावी म्हणून एखाद्या उघड्या धातूला हात लावा. पट्टी कडांना धरा, सोनेरी पिनांना बोट नको.

पट्टीची खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळवा, पट्टी साधारण तीस अंशांत तिरकी धरून आत सरकवा. इथे थोडा जोर लागतो, आणि नवखी माणसं नेमकी इथेच हात आखडतात. सोनेरी पट्टा जवळजवळ दिसेनासा व्हायला हवा. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी दिसत असेल तर बाहेर काढून पुन्हा घाला. मग दोन्ही कोपरे खाली दाबा. बाजूचे दोन खटके आपणहून ‘टक्’ करून बसतात. तो आवाज दोन्हीकडून आला पाहिजे.

बॅटरी जोडा, झाकण नुसतं ठेवा आणि सुरू करा. पडदा काळा राहील. घाबरू नका. नवी रॅम ओळखून तिच्याशी वेळ जुळवायला लॅपटॉपला पहिल्यांदा वेळ लागतो, डीडीआर५ मध्ये तर काही मिनिटंही. मी पहिल्यांदा डीडीआर५ बसवली तेव्हा अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद केलं, पट्टी काढली, पुन्हा बसवली, असं तीनदा. चौथ्या वेळी फोन आला म्हणून उठले, आणि परत येईपर्यंत पासवर्डचा पडदा समोर होता. पट्टी पहिल्यापासून नीटच होती. तुम्ही पाच मिनिटं थांबा, त्यानंतरच पुन्हा बसवून बघा.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबीच्या जागी १५ पॉइंट काही दिसलं तर तो दोष नाही, थोडी रॅम ग्राफिक्ससाठी राखलेली असते. मग सर्चमध्ये mdsched टाइप करून विंडोजची मेमरी तपासणी चालवा. सदोष पट्टी लगेच बंद पडतेच असं नाही, कधीकधी महिन्याभरानं एखादी फाइल खराब करते. तपासणी होईपर्यंत खोका आणि पावती जपा.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये ‘रो ऑफ चिप्स’ दिसतं. मग काहीच करता येणार नाही का?

उत्तर: रॅम वाढणार नाही. फक्त मॅन्युअलमध्ये सोल्डर रॅमच्या जोडीला एखादा स्लॉट दिला आहे का ते बघा, काही मॉडेलांत असतो. नसेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद करा आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर चालू करा. न वापरलेले टॅब तो झोपवून ठेवतो.