रिझोनिंगच्या सुनावणीला जाण्याआधी

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: अमेरिकेतलं छोटं गाव, अर्धं ओस पडलेलं शॉपिंग सेंटर, आणि नव्या मालकाला तिथे खाली दुकानं, वर घरं बांधण्यासाठी झोन, म्हणजे त्या जमिनीवर काय बांधता येईल याचा नियम, बदलून हवाय (यालाच रिझोनिंग म्हणतात). गावाची सुनावणी तोंडावर आली आहे. पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा? मी काही वर्षं अशाच एका गावाच्या प्लॅनिंग कमिशनवर, म्हणजे असे अर्ज तपासणाऱ्या समितीवर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो: पाठिंबा द्या, पण अटी घालून. आणि पडद्यावर दाखवतील त्या चित्रांना भुलू नका. झाडं, कारंजं, आईस्क्रीम खाणारी मुलं, यातलं काहीही आपोआप बंधनकारक नसतं. झोन जमिनीला चिकटतो, मालकाला नाही. उद्या त्याने जागा विकली, तर नव्या मालकाला त्या झोनमध्ये बसेल ते बांधता येतं. म्हणून साधं रिझोनिंग मागितलंय की 'प्लॅन्ड युनिट डेव्हलपमेंट' (अख्ख्या जागेचा एकत्र आराखडा मंजूर करण्याची पद्धत), हे आधी विचारा. दुसऱ्या प्रकारात आराखडा आणि अटी मंजुरीचाच भाग होतात. साध्या रिझोनिंगला अटी जोडता येतात की नाही, हे राज्याराज्यात वेगळं आहे; ते गावाच्या वकिलाला विचारा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टप्प्यांत. घरं पटकन खपतात, दुकानं खपत नाहीत. त्यामुळे आधी घरं उभी राहतात, दुकानांचा भाग 'दुसऱ्या टप्प्यात' ढकलला जातो, आणि काही वर्षांनी तोच अर्जदार 'दुकानांना मागणीच नाही, तिथेही घरं करू द्या' म्हणत परत येतो. त्याचं म्हणणं बऱ्याचदा खरंही असतं! यावर उपाय म्हणजे अमुक घरांना राहण्याचा परवाना देण्याआधी अमुक चौरस फूट दुकानं आणि मधला लोकांसाठीचा मोकळा चौक पूर्ण हवा, असं आकड्यांत लिहून घेणं. मात्र प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर दुकानाची सक्ती करू नका. छोट्या गावात तेवढी गिऱ्हाइकं नसतात, आणि रिकाम्या काचांची रांग ओस पार्किंगपेक्षा वाईट दिसते. मुख्य रस्त्याच्या एका पट्ट्यात सक्ती ठेवा. बाकी ठिकाणी तळमजल्याची उंची पुढेमागे दुकान करता येईल एवढी असली की पुरे.

आता पार्किंग. जुन्या सेंटरांमध्ये हजार चौरस फूट दुकानामागे पाच गाड्यांची जागा हे नेहमीचं प्रमाण. एका गाडीला येण्याजाण्याच्या वाटेसकट ३०० चौरस फूट तरी लागतात. म्हणजे हजार फुटांच्या दुकानापुढे दीड हजार फूट डांबर. त्यावर घरांसाठीचं वेगळं पार्किंग चढवलं की चौक गेलाच म्हणून समजा. रहिवाशांच्या गाड्या रात्री, गिऱ्हाइकांच्या दिवसा, असं सामायिक पार्किंग मान्य करायला सांगा. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहराने तर २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट जवळपास काढूनच टाकली.

आणि फारसं कुणी विचारत नाही तो प्रश्न: सेंटरमधल्या सुपरमार्केटसारख्या मोठ्या दुकानाचा भाडेकरार. मोठ्या भाडेकरूंच्या जुन्या करारांना बरेचदा एक नकाशा जोडलेला असतो, आणि त्यात आखलेल्या पार्किंगवर त्यांच्या संमतीशिवाय काहीही बांधता येत नाही. कमिशन खासगी करार तपासत नाही. त्यामुळे झोन बदलतो, फीत कापली जाते, आणि काम वर्षानुवर्षं अडतं. 'लेखी संमती मिळाली आहे का?' एवढंच सुनावणीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात येईल असं बघा.

सांडपाण्याची क्षमताही विचारा. घरं आली की पाण्याचा वापर दुकानांच्या कितीतरी पट होतो.

मागण्यांना मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या डोलन विरुद्ध टायगार्ड निकालानुसार, परवानगीच्या बदल्यात जमीन वगैरे मागायची तर ती मागणी प्रकल्पाच्या परिणामांच्या ढोबळ प्रमाणात हवी. 'शाळा बांधून द्या' छाप मागण्या कोर्टात टिकणं कठीण.

'घरं आणि दुकानं एकत्र नकोत' म्हणणारे शेजारी भेटतीलच. घरं एका भागात, दुकानं दुसऱ्या भागात ही पद्धत पक्की झाली ती १९२६ च्या युक्लिड निकालाने; त्यात त्याच सुप्रीम कोर्टाने घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला चक्क परजीवी म्हटलं होतं. अशांना मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडवरचं मॅशपी कॉमन्स दाखवा. साठच्या दशकातलं शॉपिंग सेंटर, १९८६ पासून तुकड्यातुकड्याने गल्ल्या आणि दुकानांवरची घरं असं बदलत गेलं. सवडीने झालंय, एका फटक्यात नाही.

बोलायला सहसा तीनच मिनिटं मिळतात. म्हणून अटींचा मसुदा लेखी द्या, आणि सदस्यांना कागदपत्रं पाठवली जाण्याआधी द्या. त्या रात्री हातात दिलेला कागद क्वचितच कुणी वाचतं.