‘गर्दी कर’, ‘कोंडी शुल्क’ की राहदारी?

लंडनहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मंडळाचा गणपती यंदा मध्य लंडनमधल्या होबर्नजवळच्या एका सभागृहात बसणार आहे, रविवारी सकाळी अकराला आरती. गाडीने येणाऱ्यांसाठी मराठी पत्रकात ‘कंजेशन चार्ज’ची, म्हणजे मध्य लंडनच्या हद्दीत गाडी आणली की दिवसाला भराव्या लागणाऱ्या पैशांची, सूचना घालायची आहे. कोणी ‘गर्दी कर’ सुचवतं, कोणी ‘कोंडी शुल्क’, आणि एक ज्येष्ठ सभासद ‘वाहतूक अधिभार’वर अडून बसले आहेत. यातलं काय छापावं? आणि जाता जाता, वाहतूक आणि रहदारी यांत काही फरक आहे का?

ताई, तिन्ही खोडा.

‘वाहतूक अधिभार’ वाचून माणसाला वीजबिल आठवतं, गणपती नाही. ‘कोंडी शुल्क’ त्यातल्या त्यात बरा, पण कोंडीत अडकल्याबद्दल पैसे घेताहेत असं त्यातून वाटतं. रस्ता अगदी मोकळा मिळाला तरी लंडन पैसे घेतंच. ‘गर्दी कर’ तर छापूच नका. मराठीत ती आज्ञा होते, आणि गणपतीच्या मंडपात ती पाळलीही जाईल.

गंमत बाजूला ठेवली तरी ‘कर’ या दोन अक्षरांत लाखो पौंड अडकलेत. लंडनमधली अमेरिकेची वकिलात हे पैसे भरतच नाही. हा कर आहे आणि व्हिएन्ना करारानुसार राजदूतांना कर माफ आहे, असं तिचं म्हणणं. लंडनची वाहतूक संस्था म्हणते, हा कर नव्हे, हा सेवेचा आकार. थकबाकीदारांच्या यादीत अमेरिका सगळ्यात वर, एक कोटी पौंडांच्याही बरीच पुढे. आणि ऑल्डविचचं आपलं इंडिया हाऊस, म्हणजे भारताचं उच्चायुक्तालय, या यादीत फार खाली आहे अशा भ्रमात राहू नका, तेही वरच्या पाचांत बसलेलं आहे. तेव्हा पत्रकात ‘कर’ छापलात तर तुम्ही या भांडणात अमेरिकेची बाजू घेतलीत असं होईल.

आता माझं डोकं ज्याने उठतं ते. इथली, म्हणजे आम्ही लंडनची, मराठी मंडळी सर्रास म्हणतो, ‘आज सेंट्रलला गेलो, टोल लागला.’ अहो, टोलला नाका लागतो! दांडा लागतो, खिडकीत हात घालून सुटे मागणारा माणूस लागतो. इथे यांतलं काहीच नाही. रस्त्यावर आणि पाटीवर लाल वर्तुळात पांढरा ‘सी’ आणि खांबावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, एवढंच. पैसे आपणच आठवणीने भरायचे. आमचे जावई यूस्टन रोडवरून चुकून आत वळले, ‘रविवार आहे, फुकट असेल’ म्हणाले, आणि विसरले. यूस्टन रोड हा हद्दीचा रस्ता, त्यावर हिंडा हवं तेवढं. एक वळण आत घेतलंत की लागू. शनिवार-रविवारीही दुपारी १२ ते संध्याकाळी ६ हा चार्ज असतो हे त्यांना १८० पौंडांच्या दंडाच्या पत्रावरून कळलं. चौदा दिवसांत भरले म्हणून ९० वर भागलं. याला टोल म्हणवत नाही. टोलनाक्यावर निदान आपण पैसे देतोय हे आपल्याला ठाऊक असतं.

‘ट्रॅफिक लागलं’ याला मात्र मी हात लावणार नाही. ऊन लागतं, ठेच लागते, घाट लागतो, तसं लंडनभोवतीच्या एम-पंचवीस महामार्गावर ट्रॅफिक लागतं. अस्सल मराठी.

वाहतूक आणि रहदारी यांचं एका दमात सांगतो. वाहतूक म्हणजे वाहून नेणं, म्हणून ट्रकवाला वाहतूकदार, आणि ‘प्रवासी वाहतूक’ म्हणताना आपण माणसांनाही पोती समजतो. रहदारी म्हणजे रस्त्यावरची ये-जा, तिला ओझं लागत नाही. एकटा माणूस पायी गेला तरी ती रहदारी. झालं.

आणि आता खरी मेजवानी, कारण तुम्हाला हवा असलेला शब्द या दुसऱ्या प्रश्नातच दडलाय.

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं की रहदारी म्हणजे ‘राहत्या घराच्या दारी जो असतो तो रस्ता’. ते वयाने मोठे, मी गप्प बसलो. आज बसत नाही. ही व्युत्पत्ती नव्हे, ही कोटी आहे, आणि कोटी म्हणूनही सुमार. शब्द फारसी आहे. राह म्हणजे वाट, दार म्हणजे धरणारा, सांभाळणारा. जमीनदार, किल्लेदार, तसा राहदार, वाटेवरचा चौकीदार. आणि राहदार जे काही वसूल करी ती राहदारी, म्हणजे वाटेने जाण्याबद्दलचा पैसा! ‘राह’चा ‘रह’ आपण आळसाने केला असंही कोणी म्हणू नये. फारसीतच दोन्ही रूपं आहेत, रहबर आणि रहनुमा यांत आखूड रूपच आहे.

मोगलाईत राहदारी हा शब्द ऐकला की व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येई. औरंगजेबाने गादीवर आल्यावर १६५९ च्या सुमारास ती माफ केली. फर्मान निघालं, पण जहागीरदार आपापल्या हद्दीत वसूल करतच राहिले. कंपनीचे इंग्रज या राहदारीने इतके गांजलेले की हा शब्द त्यांच्या कागदांत वेड्यावाकड्या स्पेलिंगने घुसला आणि पुढे हिंदुस्थानी शब्दांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इंग्रजी कोशात जाऊन बसला. अखेर १७१७ मध्ये त्यांनी बादशहा फर्रुखसियरकडून बंगालसाठी माफीचं फर्मान मिळवलं, वर्षाला ३००० रुपयांत सगळं माफ. मग कंपनीच्या दस्तकावर, म्हणजे माफीच्या परवान्यावर, तिच्या नोकरांचा खासगी मालही फुकट जाऊ लागला. बंगालचा नवाब मीर कासिम इतका वैतागला की त्याने सगळ्यांचीच जकात उठवली, आणि प्रकरण १७६४ ला बक्सारच्या लढाईपर्यंत गेलं.

म्हणजे पाहा, ज्या इंग्रजांनी ‘आम्हाला माफ आहे’ म्हणत आपल्याकडे राहदारी बुडवली, त्यांच्याच राजधानीत आज अमेरिकन ‘आम्हाला माफ आहे’ म्हणत तीच बुडवताहेत. फर्मानाच्या जागी व्हिएन्ना करार, एवढाच फरक.

लंडनने ही राहदारी १७ फेब्रुवारी २००३ ला सुरू केली. केन लिव्हिंगस्टन महापौर, दिवसाला ५ पौंड. ती चढत चढत २०२६ च्या जानेवारीपासून १८ झाली. (‘ब्रिटनमध्ये पहिलं लंडन’ असं लिहू नका. डरहॅमने २००२ च्या ऑक्टोबरातच एका चिंचोळ्या रस्त्यावर २ पौंड घ्यायला सुरुवात केली होती.) लंडनला हे नवीन नव्हतंच म्हणा. नॉटिंग हिल गेट या नावातलं ‘गेट’ हे रस्त्यावर पैसे घेणाऱ्या जुन्या फाटकाचं. टर्नपाइक म्हणजेही तसंच फाटक, आणि टर्नपाइक लेन तर ट्यूबचं स्टेशनच आहे. मुलुंड चेक नाका म्हणतो तसंच हे, वसुली गेली तरी नाव मुक्कामाला.

आमचे एक संस्कृतज्ञ स्नेही यावर म्हणतील, आणि म्हणतातच, की ‘शुल्क’ काय वाईट? कौटिल्याने शुल्काध्यक्ष नेमला, नगराच्या महाद्वाराशी ध्वज लावून शुल्कशाला बसवली, मग फारसीच्या दारात कशाला जायचं? मुद्दा त्यांचा वजनदार आहे. पण कौटिल्याचा शुल्क आज उरलाय कुठे? परीक्षा शुल्क, प्रवेश शुल्क, विलंब शुल्क. घासून घासून नाण्यावरचा छाप गेलेला आहे. राहदारीवरचा छाप मराठीत पुसला, पण शेजारी शिल्लक आहे. पाकिस्तानात कर्तारपूर कॉरिडॉरला ‘राहदारी’च म्हणतात. आणि हे स्नेही ज्या हिंदीला नावं ठेवतात तिचा ‘यातायात’ मात्र बिनदिक्कत वापरतात, ते कसं चालतं हे त्यांनी एकदा सांगावं.

उरतो एक प्रश्न, वसुलीचा शब्द मराठीत येऊन ‘ये-जा’ कसा झाला? माझा तर्क असा. राहदार बसलेला रस्ता म्हणजे पैसे घेणारा रस्ता, पण राखणीचा रस्ता. चोरांची भीती कमी, म्हणून काफिले, बैल, पालख्या तिथूनच जात. ‘राहदारीचा रस्ता’ म्हणजे आधी वसुलीचा, मग वर्दळीचा. पुरावा? त्याच्या विरुद्धचा शब्द बघा: चोरवाट. राहदाराला चुकवून जाते ती. इंग्रजीतल्या ‘ट्रॅफिक’चंही असंच आहे. तो मूळचा व्यापार, इटालियन ‘त्राफिको’पासून निघालेला. रस्त्यावरच्या गाड्या असा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. दोन्ही शब्द पैशाच्या पोटी जन्मले आणि चाकांखाली आले.

आणि चोरवाट पाहायची तर माझ्या गल्लीत या. हॅरोतली साधी गल्ली, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधून एकच गाडी जाईल एवढी फट. मुख्य रस्ता तुंबला की सकाळी सव्वाआठला सगळे इथे घुसतात. इंग्रज याला उंदरांची वाट म्हणतो, ‘रॅट रन’. आपण चोर म्हटलं, त्यांनी उंदीर. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एक जण कोणाच्या तरी फाटकापुढच्या मोकळ्या जागेत नाक घालतो आणि दिवे एकदा उघडमीट करतो. दुसरा पुढे येतो, जाताना स्टिअरिंगवरची चार बोटं उचलतो. काच खाली होत नाही, शब्द नाही, हॉर्न तर नाहीच. पुण्यात डिपर मारला म्हणजे ‘हो बाजूला, मी आलो’. इथे ‘या, आधी तुम्ही’. हायवे कोडाला, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकाला, विचाराल तर दोन्ही चूक: दिवे दाखवायचे ते फक्त ‘मी इथे आहे’ एवढं कळवायला.

माझे मेव्हणे पहिल्यांदा इथे गाडी चालवायला बसले तेव्हा समोरच्या बाईंनी दिवे दाखवले. मेव्हणे थांबले, येऊ दे म्हणाले. बाई येईनात, पुन्हा दिवे. मेव्हणे पुण्याचे, त्यांनीही उलट डिपर मारला. बाईंनी तो निमंत्रण समजून गाडी पुढे काढली, मेव्हण्यांनीही त्याच क्षणी काढली. दोन्ही बंपर वीतभर अंतरावर. दोघांनी एकमेकांची माफी मागितली, आणि मेव्हणे मागे घेत घेत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, मागे आधीच दोन गाड्या.

असो. तुमचं पत्रक. ‘मध्य लंडनची राहदारी: १८ पौंड’ असं छापा, ‘रा’ दीर्घ ठेवा म्हणजे रहदारीशी गोंधळ होणार नाही, आणि खाली ‘सी’चं चिन्ह काढा. पण आरती अकराला आहे आणि रविवारी वसुली बाराला सुरू होते. बाराच्या आत गाडी रस्त्यावर नव्हे, वाहनतळात लावून ती संध्याकाळी सहानंतरच हलवली तर राहदारी भरावी लागत नाही, तेव्हा प्रसादानंतर भजन ठेवा. होबर्नला दिवसभर गाडी लावायला किती पडतं ते मात्र आधी बघून घ्या.