मेंदूच्या देठातली गाठ : पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाचा डोळा अचानक तिरळा झाला, चालताना झोक जायला लागला. एमआरआयमध्ये 'डीआयपीजी' निघालं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन होणार नाही. जमीन विकून मोठ्या शहरात नेलं तर कोणी करेल का? (एक वडील, सातारा जिल्हा)

उत्तर : जमीन विकू नका. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ. वर मध्यमेंदू, मधे पॉन्स, खाली मेड्युला. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, हातापायांकडे जाणारे सगळे संदेश या अंगठ्याएवढ्या जागेतून जातात. डीआयपीजी ही गाठ पॉन्समध्ये होते आणि वाटाण्यासारखी वेगळी बसत नाही. मळलेल्या कणकेत मीठ मिसळलेलं असावं, तशी ती चांगल्या पेशींत मुरलेली असते. मीठ वेगळं काढायला गेलात तर कणीकच जाईल. जगातल्या कुठल्याही सर्जनला ती काढता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी नकार दिला तो प्रामाणिक आहे.

उपयोग होतो तो रेडिएशनचा, ज्याला आपल्याकडे 'लाईट देणं' म्हणतात. साधारण 30 वेळा, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. एकूण 54 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचं माप). बहुतेक मुलांना त्याने आराम पडतो, चाल सावरते, डोळाही सरळ व्हायला लागतो. मात्र हा बरा काळ काही महिन्यांचाच असतो, मग गाठ पुन्हा वाढते. निदानानंतर मूल सरासरी 9 ते 11 महिने जगतं. दोन वर्षांनी दहांतलं एखादंच असतं. हे आकडे मी लपवत नाही, कारण ते कोणी सांगत नाही म्हणूनच जमिनी विकल्या जातात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलला नेणार असाल, तर राहण्यासाठी सेंट ज्यूडच्या मोफत केंद्राची चौकशी तिथल्याच समाजसेवकांकडे करा.

प्रश्न : पहिले तीन आठवडे आम्ही चष्म्याच्या नंबरात घालवले. तो मोबाईलही फार बघायचा. त्यामुळे झालं का? गरोदरपणात माझं काही चुकलं असेल का? (एक आई)

उत्तर : नाही, ताई. यातलं काहीच कारण नाही. या गाठींत बहुधा हिस्टोन एच-3 या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडतो. हे 2012 मध्ये कळलं. तो वाढत्या मेंदूतल्या एखाद्या पेशीत आपोआप घडतो, सहसा आईवडिलांकडून येत नाही. चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग यांची लेक कॅरन याच भागातल्या गाठीने 1962 च्या जानेवारीत गेली. तिला तीन वर्षंही पूर्ण नव्हती, आणि मोबाईलचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. तीन आठवडे आधी कळलं असतं, तरी या गाठीचा शेवट बदलला नसता. बाकी वाचकांनी एवढं लक्षात ठेवा : डोळा नव्याने तिरळा झाला, आणि सोबत तोल जाणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं किंवा पाणी पिताना ठसका लागणं असेल, तर त्याच आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. चष्मा नंतर.

प्रश्न : बारा वर्षांच्या पुतणीला डोकेदुखी, उलट्या. 'टेक्टल ग्लायोमा' म्हणाले, पाण्याला वाट करून दिली आणि गाठ तशीच ठेवली! हे कसलं ऑपरेशन? (एक काका, नांदेड)

उत्तर : योग्य ऑपरेशन. देठातली प्रत्येक गाठ वरच्या मुलासारखी नसते, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. टेक्टल गाठ मध्यमेंदूच्या मागच्या बाजूला असते, बहुधा वर्षानुवर्षं तेवढीच राहते. त्रास होतो तो तिच्यामुळे मेंदूतल्या पाण्याचा अरुंद मार्ग दाबला गेल्याने. दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाशी छिद्र पाडलं की पाणी दुसऱ्या वाटेने वाहतं. यापुढे ठरलेल्या वेळी एमआरआय चुकवू नका. डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी परत आली, तर छिद्र बुजलं असू शकतं; त्याच दिवशी रुग्णालय गाठा. देठाच्या मागून बाहेर फुगणाऱ्या काही गाठी तर बऱ्याचशा काढताही येतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा : गाठ नेमकी कुठे आहे, आणि मुरलेली आहे की वेगळी?

प्रश्न : अमेरिकेत या आजारावर गोळी आली म्हणे?

उत्तर : डोर्डाविप्रोन. तिथे ऑगस्ट 2025 मध्ये मान्यता मिळाली, तीही उपचारांनंतर परत वाढलेल्या आणि हिस्टोनच्या जनुकातला के-27-एम हा बदल सिद्ध झालेल्या गाठींसाठी. साधारण पाचांतल्या एकाची गाठ आकसली. आजार बरा करणारी ती नाही. पण अनेक दशकं काहीच हाती लागत नव्हतं, तिथे मला हे मोलाचं वाटतं.

प्रश्न : मुलाला काही सांगायचं का? घरात सगळे म्हणतात, त्याला काय कळतंय. (पहिल्याच पत्रातले वडील)

उत्तर : त्याला सगळं कळतंय. ही गाठ चालणं, बोलणं, गिळणं बिघडवते. समज बहुधा शेवटपर्यंत शाबूत असते. बोबडं बोलतो म्हणून त्याच्यासमोर कुजबुजू नका. तो विचारेल तेवढंच, पण खरं सांगा : डोक्यात गाठ आहे, तुझ्या चुकीने झालेली नाही, आम्ही सोबत आहोत. मेंदूची सूज उतरवायला दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळीमुळे चेहरा सुजेल, सारखी भूक लागेल, चिडचिड होईल. ती औषधाची आहे, त्यावरून रागावू नका. पण ही गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. पातळ पाण्याने ठसका लागला तर घट्ट पेज, मऊ भात द्या, बसवून भरवा. वेदनाशमनाच्या, म्हणजे पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना लाईट सुरू असतानाच भेटा, शेवटची वाट पाहू नका. आणि चाल सावरली, की त्याला शाळेत पाठवा.