जुनं बी पेरावं का?
पाकिटावरची तारीख उलटली म्हणून बी लगेच फेकू नका, आधी उगवण तपासा. ओल्या पण पाणी न निथळणाऱ्या टिश्यू पेपरवर १० बिया पसरा, गुंडाळी करून डब्यात उबदार जागी ठेवा. मुळा तीन-चार दिवसांतच पांढरं मूळ काढतो. टोमॅटोला ८-१० दिवस द्या, मिरचीला दोन आठवडे. कागद चिंब राहिला तर बी कुजतं आणि दोष उगाच वयावर जातो. ७-८ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, निम्म्या उगवल्या तर दुप्पट टाका, त्याखाली नवीन आणलेलं बरं. कांद्याचं बी मात्र वर्ष-दोन वर्षांतच दगा देतं. काकडी, भोपळ्याचं कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं सहज टिकतं. मोड आलेल्या बिया वाया घालवू नका, मूळ न मोडता कुंडीत लावा.