खातं देईनात? आधी विचारा, नाव कोणत्या वहीत लागलंय

('काउंटरच्या आतून' : वाचकांचे प्रश्न, रिटायर बँकवाल्याची उत्तरं)

या महिन्यात पत्रं बरीच आली पण त्यातली तीन एकाच वळणाची निघाली, एक औसा तालुक्यातलं, एक लातूरचं आणि एक नांदेडचं. तिघांनाही बँकेनं खातं नाकारलंय आणि तिघांनाही वाटायलंय की आपलं 'रेकॉर्ड खराब' आहे. आता रेकॉर्ड म्हणजे काही एकच वही नसती. तिघांचं नाव तीन वेगवेगळ्या वह्यांत लागलंय, म्हणून उत्तरंही वेगळी. नावं छापू नका म्हणाले, म्हणून छापली नाहीत.

प्रश्न : साहेब, मी औसा तालुक्यातला, साडेतीन एकर कोरडवाहू. पीककर्ज २०२० पासून थकलंय, नवं-जुनं केलंच नाही, माफी येईल माफी येईल म्हणून थांबलो अन् तसंच राहिलं. त्यात पाव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो, त्यानं बी हप्ते भरले नाहीत. आता सोयाबीनचे पैसे खात्यावर आले की बँक होल्ड लावायली, अतिवृष्टीचं अनुदान बी तसंच अडकलं. म्हणून तालुक्याला दुसऱ्या बँकेत खातं काढाया गेलो तर तिथला पोरगा कंप्युटरमधी बघून म्हणला, काका तुमचं सिबिल खराब हाय, खातं निघत नाही. आता पैसे ठेवावं कुठं, मडक्यात का?

उत्तर : दादा, मडकं राहू द्या. त्या पोरानं तुम्हाला टोलवलं. सिबिल ही कर्जाची वही आहे, तुम्ही कुणाकडून किती उचललं, वेळेवर फेडलं का, कुणाला जामीन राहिला, एवढंच त्यात असतं आणि त्यावरून काढलेला ३०० ते ९०० मधला एक आकडा. बचत खात्यात बँक तुम्हाला पैसे देत नाही, तुम्ही बँकेला देता, मग तिथं सिबिलचं काय काम? थकबाकीदाराला बचत खातं देऊ नका असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. उलट शून्य शिल्लकीचं साधं बचत खातं (बँकेच्या भाषेत बीएसबीडी) सगळ्यांसाठी ठेवा असं २०१२ पासून सांगितलेलं आहे, आणि २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं ते त्याच खात्यावर. त्यात शिल्लक ठेवायची सक्ती नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं फुकट.

मग तो पोरगा असं का म्हणला? मी ३१ वर्षं शाखांमध्ये काढली, आता रिटायर झालो म्हणून खरं सांगतो. 'सर्व्हर डाऊन आहे' याच्यानंतर आमचं लाडकं उत्तर 'सिबिल खराब आहे' हेच होतं. शून्य शिल्लकीच्या खात्यात बँकेला मिळत काही नाही, काम मात्र सारखंच, त्यात बाहेर पीकविम्याची लाईन लागलेली, मग गिऱ्हाईक परत पाठवायला सोपं काय, तर असा एखादा इंग्रजी शब्द. मी पण पाठवलेत, लाज वाटती आता.

परत जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका. आधार, पॅन (नसेल तर फॉर्म ६० भरा), दोन फोटो, आणि एक साधा अर्ज दोन प्रतीत, 'मला बीएसबीडी बचत खातं उघडायचं आहे, नाकारत असाल तर कारण लेखी द्यावं.' एका प्रतीवर आवक शिक्का मागा. निम्म्या वेळेला शिक्का मारायची वेळ आली की खातंच निघतं, हे मी स्वतः बघितलंय. नाहीच दिलं तर त्याच बँकेच्या तक्रार विभागाकडं लिहा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, त्यांचा फोन १४४४८, मराठीत बोलता येतं. गावात ग्राहक सेवा केंद्र असेल, अंगठा लावून पैसे काढतो ते, तर तिथूनही जनधन खातं निघतं, शाखेची पायरी चढायचं कामच नाही. आधार-बिधार काहीच कागद धड नसतील तर 'छोटं खातं' म्हणून एक प्रकार आहे, फोटो आणि सहीवर किंवा अंगठ्यावर निघतं, पण त्यात वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही, महिन्याला १० हजाराच्या वर काढता येत नाही आणि शिल्लक ५० हजाराच्या वर जाऊ देत नाहीत. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

आता होल्डचं. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. ज्या बँकेचं कर्ज थकलंय त्याच बँकेतल्या तुमच्या ठेवीतून ती बँक आपलं येणं वळतं करू शकते, तसा कायद्यानं तिला हक्क आहे, म्हणून सोयाबीनच्या पैशाबद्दल तुम्ही फार भांडू शकणार नाही. पण अतिवृष्टीची मदत हा वेगळा पैसा आहे. सरकार मदतीचा जीआर काढतं त्यातच लिहिलेलं असतं की या रकमेतून बँकांनी कसलीही वसुली करू नये. तो जीआर तलाठ्याकडून नाहीतर सेतूवाल्याकडून काढून घ्या, अर्जाला जोडा, शाखेत द्या आणि एक प्रत तहसीलदारांना. तोंडी भांडून होल्ड निघत नाही, कागदानं निघतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, इथंच लोक फसतात. दुसऱ्या बँकेत खातं काढलं म्हणजे अनुदान आपोआप तिकडं येईल असं नाही. सरकारी पैसा आधारवर येतो, आणि आधारला एका वेळेला एकच बँक जोडलेली असती, सगळ्यात शेवटी जिथं सीडिंग केलं, म्हणजे सरकारी पैसा या खात्यात टाका अशी आधारला नोंद लावली, ती. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि अनुदानासाठी 'सीडिंग' असणं वेगळं, शाखेत डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशासाठी) सीडिंगचा फॉर्म वेगळा मागून भरा, नसता खातं नवं अन् पैसे जुन्याच होल्डमध्ये. झालंय का नाही ते आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दिसतं, पोराला मोबाईलवर बघायला लावा.

सिबिलची वही मात्र एकदा उघडून बघाच, खात्यासाठी नाही, पुढच्या कर्जासाठी. आपल्याकडं अशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुण्या एजंटाला ५०० रुपये द्यायची गरज नाही. पाव्हण्याचा ट्रॅक्टरही त्यात तुमच्या नावावर दिसंल, जामीनदाराच्या रिपोर्टला ते लागतंच. चुकीची नोंद असेल, म्हणजे भरलेलं कर्ज अजून बाकी दाखवत असतील तर ऑनलाईन तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागती, एप्रिल २०२४ पासून. आणि बँकेनं तडजोडीला बोलावलं तर जाच, फक्त एक लक्षात ठेवा, तडजोडीत मिटवलेलं कर्ज रिपोर्टला 'सेटल्ड' दिसतं, पूर्ण भरलेलं 'क्लोज्ड' दिसतं, पुढचा कर्ज देणारा त्यातला फरक बघतो. काही केलं तरी बेबाकी, म्हणजे आता काही येणं नाही असा बँकेचा दाखला, हातात घेतल्याशिवाय उठू नका, सातबाऱ्यावरचा बोजा त्याच्याशिवाय उतरत नाही.

प्रश्न : नमस्कार काका. माझा मुलगा एमएस करायला अमेरिकेत टेक्सासला आहे. पहिल्या वर्षी एका बँकेत खातं होतं, घर बदलल्यावर त्यानं ते तसंच सोडलं, त्यात काहीतरी फी कटत गेली आणि खातं मायनसमध्ये जाऊन बँकेनं बंद केलं. आता पार्ट टाइम कामाचा पगार यायचाय तर दुसरी बँक म्हणती तुझ्या रिपोर्टमध्ये निगेटिव्ह आहे, खातं देता येत नाही. लेकरू घाबरलंय, आम्ही इकडं जेवत नाही. पोलीस केस होईल का? इथून मी पैसे भरू का?

उत्तर : ताई, आधी जेवा. हा पोलीस रेकॉर्ड नाही.

तिथं जी वही आहे तशी आपल्याकडं नाही, म्हणून तुम्हाला कळेना. तिचं नाव चेक्ससिस्टम्स. कर्जाची नाही, निव्वळ खात्यांची वही, कुणी खातं मायनसमध्ये सोडून गेलं, कुणाचे चेक सारखे परत आले, कुठल्या बँकेनं कुणाचं खातं जबरदस्तीनं बंद केलं, हे बँका एकमेकींना त्यातून कळवतात. नोंद साधारण पाच वर्षं राहती. अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस म्हणून अजून एक आहे, काही बँका ती बघतात. म्हणून मुलाला पहिलं काम हे सांगा, नाकारणाऱ्या बँकेनं जी नोटीस दिली असेल त्यात कोणत्या एजन्सीचा रिपोर्ट बघितला ते लिहिलेलं असतंच, तिथल्या कायद्यानं लिहावंच लागतं. त्या एजन्सीकडून स्वतःचा रिपोर्ट मागवायचा, फुकट मिळतो. त्यात नेमकी किती रक्कम, कोणत्या बँकेची, कोणत्या तारखेची ते कळंल. घरात बसून कल्पना करण्यापेक्षा ते बरं, बऱ्याचदा तीस-चाळीस डॉलरसाठी जीव टांगलेला असतो.

रक्कम खरी असेल तर जुन्या बँकेला फोन करून भरून टाकायची, भरल्याचं पत्र घ्यायचं आणि एजन्सीकडं 'भरलं' अशी नोंद करायला लावायची. भरल्यावर नोंद पुसतीलच असं नाही, विनंती करून बघावी, पण 'बाकी' आणि 'भरलं' यात नवी बँक फरक करते. रक्कम चुकीची असेल तर एजन्सीकडं डिस्प्यूट टाकायचा, साधारण ३० दिवसांत त्यांना तपासावं लागतं. पैसे तुम्ही पाठवा नाहीतर तो पगारातून भरू दे, पण ते बाकी म्हणून वसुली एजन्सीकडं जाऊ देऊ नका, तिथं गेलं की मग ते कर्जाच्या वहीतही उमटू शकतं आणि उद्या घर भाड्यानं घेताना आडवं येतं.

तोवर पगार घ्यायचा कुठं? तिथं अशाच लोकांसाठी 'सेकंड चान्स' खाती असतात. शिवाय 'बँक ऑन' नावाचा शिक्का असलेली खाती बघायला सांगा, २५ डॉलर किंवा त्याहून कमीत उघडतात, महिन्याची फी सहसा ५ डॉलरच्या वर नसते आणि मायनसमध्ये जायची भानगडच नाही, कारण शिल्लक नसेल तर व्यवहार होतच नाही. विद्यापीठाची क्रेडिट युनियन असेल तर तिथंही विचारावं, आपल्या पतसंस्थेसारखं असतं ते, पण जरा बऱ्या शिस्तीचं. आणि मित्राच्या खात्यावर पगार घे असं कुणी सुचवलं तर नको म्हणावं, का ते खालच्या पत्रात आहे.

आपल्याकडं ही मायनसची भानगड वेगळी आहे, ते पण सांगून टाकतो कारण पुण्याला, चाकणला कंपनीत राहून आलेली आपली पोरं पगाराचं खातं तसंच टाकून येतात अन् मग घाबरतात. १ एप्रिल २०१५ पासून निव्वळ किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून बचत खातं मायनसमध्ये नेता येत नाही, शून्यावर थांबावं लागतं. दोन वर्षं तुम्ही काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, त्याला एप्रिल २०२४ पासून असा दंडही नाही आणि ते परत चालू करायला फीपण नाही, केवायसी द्यायची की झालं. गावाकडं अजून म्हातारी माणसं 'हैदराबाद बँकेत' खातं आहे म्हणतात, ती बँक १ एप्रिल २०१७ लाच स्टेट बँकेत गेली, पासबुक पेटीत आहे, पैसेही आहेत, विचारायला कुणी जात नाही. दहा वर्षं पडून राहिले तर ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तिथूनही बँकेत अर्ज करून मागता येतात, आणि कुठं पडलेत ते 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतं.

प्रश्न : सर मी नांदेडला बीकॉम दुसऱ्या वर्षाला आहे. रूमवरच्या एका मुलानं माझं खातं आणि सिम महिनाभर वापरायला मागितलं, गेमिंगचे पैसे येतात म्हणला, मला ५ हजार दिले. आता खातं फ्रीज झालंय, बँक म्हणती सायबर पोलिसांचं पत्र आहे. दुसऱ्या बँकेत गेलो तर तिथंही अर्ज रिजेक्ट. घरी सांगितलं नाही. स्कॉलरशिप यायचीय.

उत्तर : वरच्या दोघांना मी घाबरू नका म्हणलं, तुला म्हणणार नाही. तू उलीसं घाबर.

ते गेमिंगचे नसतात बाळा, कुणाच्या तरी आईबापाचे डिजिटल अरेस्टमध्ये (खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर धमकावून पैसे काढतात ते) नाहीतर शेअर ट्रेडिंगच्या नावानं लुटलेले पैसे असतात, आणि कागदावर ते घेणारा माणूस तू आहेस. तुझं नाव लागलेली वही पोलिसांची आहे. सप्टेंबर २०२४ पासून केंद्राच्या सायबर विभागानं संशयितांची एक यादी बँकांना बघायला दिलीय, दुसऱ्या बँकेनं नाकारलं त्यामागं तेच असू शकतं. तिसऱ्या, चौथ्या बँकेत अर्ज टाकत फिरू नकोस, त्यानं संशय वाढतो.

घरी आजच सांग. मग बँकेत जाऊन लेखी माग, कोणत्या पोलीस ठाण्याचं पत्र, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. पत्र बऱ्याचदा दुसऱ्याच राज्यातलं असतं. त्या मुलाशी झालेले चॅट, त्यानं ५ हजार पाठवल्याची नोंद, काहीच डिलीट करू नकोस, तोच तुझा पुरावा. एक वकील घेऊन नांदेडच्या सायबर पोलिसांकडं स्वतःहून जा आणि घडलं ते सगळं लिहून दे, ५ हजार घेतल्याचं पण, ते लपवलंस तर बाकीच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार, घरचं उत्पन्न कमी असेल तर मोफत मिळतो. पूर्ण खातं फ्रीज ठेवण्याऐवजी वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा असा अर्ज तपास अधिकाऱ्याकडं करता येतो, तिथं झालं नाही तर कोर्टात. स्कॉलरशिपचं कॉलेजच्या ऑफिसात आधीच कानावर घाल, खातं अडकलंय, पैसे परत जाऊ देऊ नका म्हणावं.

आणि ते सिम अजून त्याच्याकडंच असेल तर हे वाचून झाल्यावर पहिला फोन कंपनीला करून ते बंद कर, कारण अजून ओटीपी त्याच्याकडंच जायलेत.