लोगोची पीएनजी वेगळी न ठेवता सी प्रोग्रॅमच्या आतच कशी बसवायची?

फाइल काही केबींची असेल तर विम एडिटरसोबत येणारं एक्सएक्सडी हे छोटं टूल पुरे. त्याला 'मायनस आय' पर्याय आणि फाइलचं नाव द्यायचं, आउटपुट एका सी फाइलमध्ये वळवायचं. त्यात अनसाइन्ड कॅरचा अ‍ॅरे मिळतो आणि खाली लांबीचा व्हेरिएबल.

तो अ‍ॅरे कॉन्स्ट (म्हणजे न बदलणारा) नसतो. मायक्रोकंट्रोलरवर चालवणार असाल तर कॉन्स्ट हाताने घाला, नाहीतर लोगो फुकट रॅम अडवून बसेल. अ‍ॅरे हेडर फाइलमध्येही ठेवू नका; दोन ठिकाणी इन्क्लूड झाला की लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) डुप्लिकेट म्हणून ओरडतो. हेडरमध्ये फक्त एक्स्टर्न, म्हणजे 'हा दुसऱ्या फाइलमध्ये आहे' एवढी घोषणा. आणि लांबीसाठी स्ट्रलेन (पहिला शून्य बाइट येईपर्यंत मोजणारं फंक्शन) तर अजिबात नको: पीएनजीचा नववा बाइटच शून्य असतो, त्यामुळे फाइल कितीही मोठी असो, उत्तर 8 येणार!

मोठ्या फाइलला मात्र हा मार्ग जड जातो. एकेक बाइट 'शून्य-एक्स-आठ-नऊ-स्वल्पविराम' असा लिहिला जातो, म्हणजे सोर्स साधारण सहापट फुगतो आणि कंपायलर रांगतो. तिथे असेंब्लरचं इन्कबिन (फाइल जशीच्या तशी आत ओढणारी सूचना) वापरा. कंपायलर नवा असेल (जीसीसी 15, क्लँग 19 किंवा पुढचा) तर सी23 (सी भाषेचं नवं मानक) मधलं हॅश-एम्बेड सरळ वापरा, तेही फाइल थेट आत घेतं, मी तरी आता तेच वापरतो.